त्रेचाळीस फूट

राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीसला इशारा,
त्रेचाळीसला धोका.
आमच्या सुतारवाड्यात मात्र
त्याआधीच चपला तरंगायला लागतात.

तेव्हा मी उद्यमनगरात लेथवर बुशिंगं कापायचो
आणि संध्याकाळी सातला मगदूम दिसला
की शटरमागं सरकायचो.
पिग्मीवाला. सायकल, खांद्याला रेक्झिनची पिशवी,
कंडक्टरसारखं मशीन.
"पन्नास द्या, कारखानदार."
एका लेथचा कारखानदार मी.
"उद्या ये लगा," म्हणायचो,
"आज घरात तांबडा-पांढरा आहे."
तो हसायचा, सायकल वळवायचा.
कुठं जायचा, मी कधी विचारलं नाही.

कळलं ते घरात कंबरेएवढं पाणी आल्यावर.
शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून
मी मोजत होतो कुणाकुणाला फोन करावा.
साडू उचलणार नाही.
टेंबलाईला एक जण आहे, शेकडा दहानं देतो.
बेबीनंदानं माझा फोन बाजूला ठेवला
आणि पदराखालनं पासबुक काढलं.
पिकोफॉलचे पैसे. रोज पन्नास, घराच्या दारात.
एकोणीस हजार सातशे पन्नास.
मी भागाकार केला, सवयच आहे.
तीनशे पंच्याण्णव संध्याकाळी.

त्यात मोटर रिवाइंड झाली,
शेगडी आली, धाकटीची पुस्तकं,
कळंब्यात दोन महिन्यांचं भाडं.
उरले बाराशे. ते तिनं पुन्हा मगदूमला दिले,
चिखल पुसलेल्या हातानं.

विमा मात्र माझ्या गळी उतरेना.
"जगलो तर काय मिळणार?" एजंटाला विचारलं.
पोरगा प्रामाणिक होता, किंवा नवा.
"काही नाही, काका."
"म्हणजे पैसे पाण्यातच की!"
आतून भाकरी थापायचा आवाज थांबला.
"पाण्यात काय काय जातं ते बघितलंय मी.
हे तसलं न्हाई."

फॉर्मवर विचारलं होतं: तंबाखू खाता का?
मावा माझ्या गालातच होता.
मी 'नाही'वर खूण केली.
तिनं पीठाच्या हातानंच पेन घेतलं.
"आणि तुमच्या माघारी त्यांनी चौकशी केली तर?
मी कुठल्या तोंडानं सांगू?"
खोडून 'होय' केलं, शेजारी माझी सही घेतली.
हप्ता वाढला दोन हजार चारशे दहानं.
खरं बोलल्याचं बिल
मला पहिल्यांदाच आलं होतं.

मग वारसाचा रकाना.
बँकेत बेबीनंदा, रेशनकार्डावर बेबी नंदा,
आधारवर बेबिनंदा, पहिली वेलांटी.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली
आणि बायकोचं नाव मी
कार्ड समोर ठेवून, एकेक अक्षर बघत लिहिलं.
हात थोडा हलला. एजंट पंख्याकडं बघत राहिला.

आज बंधारा सदतीस फूट आठ इंच.
माळ्यावर, मागच्या पुराच्या रेघेच्या दीड हात वर,
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत
पासबुक, पॉलिसी, दवाखान्याचं कार्ड, रबरबँड.
खाली भिंतीवर तिच्या पेन्सिलीत:
सहा महिन्यांचा खर्च, एक लाख आठ हजार.
"ही आपली धोका पातळी," म्हणते,
"नदी वर गेली की भ्यायचं,
ही खाली आली की."
आम्ही एक्केचाळीस हजारांवर आहोत.
म्हणजे रोजच धोक्यात.
पण आता निदान माहीत आहे किती.

मगदूम आला. रेनकोट फाटका, पिशवी पोटाशी धरलेली.
मी शटरमागं गेलो नाही.
मावा सुटलेला नाही, कुणाला खोटं सांगू?
दिवसाचा एक कमी झालाय.
"पन्नास?"
"पंच्याहत्तर घे."
मशीन कर्रकर्र करून अडलं,
त्यानं थापट मारली, मग चिठ्ठी आली.
हातात घेईपर्यंत तिच्यावर दोन थेंब पडले.
सात थोडा पसरला,
वाचता येत होता.